सव्वादोन तासांचं अमृतसर

"विमानानं जावा ना, सव्वादोन तासांत अमृतसर!" असं छातीठोकपणे सांगणाऱ्या मेहुण्याचा मला अजून राग येतो.

धाकटा भाऊ फौजेत, पोस्टिंग अमृतसरला. आईला नातवंडं बघायची होती. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेस तिकडं जाते, पण उत्तर गाठायला आधी पश्चिमेला परभणी, जालना करत मनमाड, मग भुसावळ, भोपाळ, दिल्ली. दोन हजारांवर किलोमीटरचा, दीड दिवसाचा द्राविडी प्राणायाम. सरळ हवेतून अंतर चौदाशेच्या आसपास. 2017 च्या अखेरीस नांदेडहून थेट विमान सुरू झालं होतं. हिशोब पटण्यासारखाच होता.

दिवस आमच्या लोह्याजवळच्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेचे. लातूरकडून येणारी एकेक एसटी लोह्याच्या स्टँडवर भरूनच येई. सोनखेडपर्यंत उभ्यानं गेलो, तरी विमानतळावर वेळेत पोचलो. आणि कळलं, अमृतसरला दाट धुकं आहे, विमान कधी निघेल सांगता येत नाही.

नांदेडला डोळे दिपवणारं ऊन होतं. आई उठून काचेपाशी गेली, आभाळ बघून आली. "कुठंय रं धुकं?" मी समजावलं. थोड्या वेळानं ती परत काचेपाशी. पंजाबात या दिवसांत ओल्या शेतांवर थंड हवा बसून राहते, चार पावलांपलीकडचं दिसत नाही, धावपट्टी दिसल्याशिवाय विमान उतरवायचं कसं, हे मी सांगितलं. शेजारच्या सरदारजींनीही हिंदीत सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, गाठोडं सोडलं, त्यांच्या हातावर दशमी आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली आणि मला म्हणाली, "मग सकाळीच फोन करायचा की. खंडोबाचं दर्शन तरी झालं असतं."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मोबाइल नंबर तर तिकीट काढतानाच घेतात! दुपार कलली तरी कुणी धड बोलेना. विचारलं की "अपडेट आलं की सांगू." तिकिटावर हवेतला वेळ छापतात; लोह्याच्या घरातून निघून भावाच्या दारात पोचेपर्यंतचा वेळ कुणाच्याच हिशोबात नसतो. म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाणार असाल तर गोळ्या मोठ्या बॅगेत टाकू नका, ती बॅग आधीच आत जाते. आणि त्याच दिवशीचं पुढचं रिझर्वेशन तर अजिबात करू नका.

विमान संध्याकाळच्या तोंडावर सुटलं. मेहुणा म्हणाला तसं खरंच सव्वादोन तासांत उतरलं, हे आणखीच चिडवणारं.

येताना आईनं हट्टानं सचखंड धरायला लावली. स्टेशनावर सेवादार डब्यापाशी येऊन लंगरचा वरण-भात वाढत, पैसे घेत नसत. ती खूश. म्हणे, विमानात कोण विचारतं? मीही मान डोलावली. पण मनमाडला गाडी थांबली तेव्हा गुडघे चोळत तीच म्हणाली, "अजून नांदेड किती रं? विमानच बरं होतं बाबा."

पुन्हा जायचं झालं तर मी विमानाचंच तिकीट काढेन. फक्त होळीनंतरचं.