तुम्ही कुठे जेवता?

परक्या शहरात गेलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न मुक्कामाचा असतो, असे प्रवासवर्णनकार सांगतात. माझा अनुभव निराळा आहे. मुक्काम बहुधा आधीच ठरलेला असतो. एखाद्या आप्ताचे घर, एखाद्या संस्थेची खोली, काहीतरी हाती असतेच. खरा प्रश्न उभा राहतो तो दोन प्रहर टळू लागल्यावर. आता जेवायचे कुठे? प्रश्न दिसायला क्षुद्र आहे, आणि विद्वानांनी त्याची फारशी दखल घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही. परंतु रिकाम्या पोटी अनोळखी रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला तो क्षुद्र आहे असे पटवून देण्याच्या भरीस कोणी पडू नये.

या प्रश्नाचा अभ्यास मी केला तो मुंबईत. दादरला नायगाव भागात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे. १८९८ साली स्थापन झालेल्या या संस्थेतील जुनी मासिके चाळण्यासाठी सुटीत आठपंधरा दिवस मुंबईस जाऊन राहण्याचा माझा परिपाठ आहे. जुन्या मासिकांचा एक गुण असा की, ती वाचताना भूक लागल्याचे कळत नाही. आणि दोष असा की, ती मिटल्याबरोबर भूक एकदम लागते. त्यामुळे दादर, परळ, लालबाग आणि गिरगाव या भागांत अन्नशोधार्थ मी पुष्कळ हिंडलो आहे.

परका माणूस अशा वेळी साहजिकच विचारतो, “इथे जवळपास चांगले हॉटेल कोणते?” ज्याला विचारले तो गृहस्थ क्षणभर थांबतो, विचारणाऱ्याचा चष्मा, पोशाख आणि वय न्याहाळतो, मनाशी काही हिशेब करतो आणि मग बोट दाखवतो. ते बोट ज्या जागेकडे जाते तिथे दारात दरवान उभा असतो, आत गार हवा सोडलेली असते, आणि पदार्थांची यादी विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाइतकी लांब असते. पंजाबी, चिनी, मद्रासी, सर्व प्रांतांची आणि देशांची हजेरी त्या यादीत लागलेली असते. चव मात्र सर्वांची एकच. बोट दाखवणाऱ्या गृहस्थाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने पाहुण्याचा मान राखला. पाहुण्याला त्याच्या योग्यतेचीच जागा सुचवावी ही आपली रीतच आहे. फक्त त्या मानापायी पाहुण्याला अर्धपोटी उठावे लागते, एवढेच.

म्हणून मी निराळा प्रश्न विचारतो. ग्रंथपालाला, शिपायाला, पदपथावर पुस्तके मांडून बसलेल्या विक्रेत्याला, औषधाच्या दुकानातील मुलाला मी एवढेच विचारतो, “तुम्ही कुठे जेवता?” या प्रश्नाने माणूस किंचित गोंधळतो. आपण कुठे जेवतो याची चौकशी एखादा प्राध्यापक करील अशी त्याची अपेक्षा नसते. मग तो हळूच एखाद्या गल्लीचे नाव सांगतो आणि पाठोपाठ शंका काढतो, “पण तुम्हाला चालेल का तिथे?” हे ‘चालेल का’ कानी पडले की शोध संपला असे खुशाल समजावे.

यातील मर्म साधे आहे. ज्या घराला एकदाच येणाऱ्या गिऱ्हाइकावर जगायचे असते, त्याला पाटी मोठी लावून भागते. ज्याला उद्याही त्याच माणसाचे तोंड पाहायचे असते, त्याला हात आखडता घेऊन चालत नाही. काल आमटी पातळ झाली तर आज तो बोलून दाखवतो, आणि परवा येईनासा होतो. रोज येणारा हा माणूस त्या स्वयंपाकघराचा न नेमलेला परीक्षक असतो. परका माणूस एका दुपारी तिथे जेवून जातो तेव्हा तो जेवण विकत घेतो, पण त्या परीक्षकाने वर्षानुवर्षे घेतलेल्या परीक्षेचे फळ त्याला फुकट मिळते.

अशी जागा ओळखण्याच्या काही खुणाही आहेत. पदार्थांचा फळा आखूड असावा, आणि दुपारी दोननंतर त्यावरील निम्मी नावे पुसलेली असावीत. वाढप्याने न विचारता कोणाच्या तरी ताटात ज्यादा कांदा ठेवावा. आणि सर्वात मोठी खूण म्हणजे ‘आज नाही’ हे शब्द. जून-जुलै या दोन महिन्यांत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत ज्या मालवणी खाणावळीत “आज ताजी सुरमई नाही, सुकटीची चटणी आणि सोलकढी घ्या,” असे सांगतात, तिथे बाकीच्या दहा महिन्यांत डोळे मिटून जेवावे.

या भागातील जुन्या उपाहारगृहांचा इतिहास पाहिला तर तो सारा घर सोडून आलेल्या माणसांचाच इतिहास आहे. दादरच्या मामा काण्यांच्या उपाहारगृहाचा उगम १९१० सालचा. त्याच्या नावात एक विशेषण घातलेले होते, आणि ते ‘उत्कृष्ट’ किंवा ‘रुचकर’ असे नव्हते; ते होते ‘स्वच्छ’. नोकरीसाठी कोकणातून आणि देशावरून आलेल्या कारकुनाला बाहेर खाणे हेच मुळी अवघड वाटत असे. त्याला चवीच्या आधी विश्वास हवा होता, आणि पाटीने तोच देऊ केला. धोबीतलावावर १९०४ पासून असलेल्या कयानीसारख्या इराण्याच्या दुकानाने निराळा विश्वास दिला. इथे ब्रून-मस्का आणि चहा मागणाऱ्याला तुझी जात कोणती, गाव कोणते, असे कोणी विचारीत नाही. एकाच संगमरवरी टेबलाशी दलाल आणि हमाल शेजारी बसावेत, ही गोष्ट आपल्या समाजात व्याख्यानांनी जितकी घडवली त्याहून बशीतल्या चहाने अधिक घडवली असावी.

इंग्रजी वाङ्मय शिकवताना डॉक्टर जॉन्सनने गायिलेली लंडनच्या मद्यगृहांची थोरवी मला वर्गात समजावून द्यावी लागते. तिथे माणूस जाई तो बसण्यासाठी. आमच्या खाणावळीचा धर्म नेमका उलट आहे. तिथे माणूस जातो तो उठण्यासाठी. गिरगावात खोताच्या वाडीत ‘अनंताश्रम’ नावाची माशांच्या जेवणाची प्रसिद्ध खाणावळ होती. ती बंद होऊन आता बरीच वर्षे झाली. तिथल्या कालवणाइतकीच तिथल्या करड्या वागणुकीचीही ख्याती होती. जेवण आटोपल्यावर गप्पा मारीत बसणाऱ्याची तिथे गय नसे. परक्याला हा उर्मटपणा वाटे. परंतु दाराशी उभ्या असलेल्या पुढच्या भुकेलेल्या माणसाच्या बाजूने पाहिले तर त्याला न्याय म्हणावे लागेल.

कीर्तीने या न्यायात थोडी अडचण येते. दादरच्या ‘आस्वाद’मधील मिसळीला २०१५ साली लंडनमध्ये जगातील उत्कृष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून गौरवण्यात आले. मिसळीचा हा सन्मान वाचून मलाही अभिमान वाटला. पण अशा बातमीबरोबर रांगही येते. गोखले रस्त्यावरच्या ‘प्रकाश’मध्ये साबुदाणा वडा आणि पियुष घेण्यासाठी रविवारी सकाळी जावे, म्हणजे रांगेचा अर्थ कळतो. रांगेतले अर्धे लोक शेजारपाजारचे आणि अर्धे माझ्यासारखे दुरून आलेले असतात. जोवर हे प्रमाण टिकते तोवर चिंता नाही. ज्या दिवशी रोजचा माणूस कंटाळून रांग सोडील, त्या दिवशी परीक्षक उठून गेला असे समजावे; मागे उरतील ते फक्त प्रेक्षक.

परीक्षक उठून जाणे म्हणजे काय, हे लालबाग-परळने फार कठोर रीतीने पाहिले आहे. गिरण्यांच्या काळात इथल्या चाळींच्या एकेका खोलीत एकाच गावचे अनेक गडी पाळीपाळीने राहत. त्यांची घरे गावी. इथे चूल नव्हती. त्यांना जेवू घालीत त्या शेजारच्या खोलीतल्या खाणावळवाल्या बाया. कोकणातल्याला भात आणि माशाचे कालवण, घाटावरच्याला भाकरी आणि झणझणीत रस्सा. पैसे पगार झाल्यावर. म्हणजे वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज बाईच्या डोक्यावर. संप झाला की मजुरी थांबे, पण भूक थांबत नसे, आणि बायाही वाढण्याचे थांबवीत नसत. कामगार चळवळीत वावरणाऱ्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली या बायांना एकत्र करून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले. सावकाराऐवजी बँकेचे दार त्यांना उघडून द्यावे, हा त्यातील मुख्य हेतू. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. गिरण्याच हळूहळू मिटल्या. रोज जेवणारा माणूस गावी परतला, आणि त्याच्याबरोबर कितीतरी चुली विझल्या. त्या बायांची नावे कोणत्याही पाटीवर नव्हती, म्हणून ती पुसली गेल्याचेही कोणाला दिसले नाही.

तरीही परळ हा भाग घराबाहेर जेवणाऱ्यांचा राहिलाच. फक्त माणसे बदलली. १९२६ सालचे के. ई. एम. आणि १९४१ सालचे टाटा स्मारक रुग्णालय तिथे आहे. साऱ्या महाराष्ट्रातून आणि महाराष्ट्राबाहेरूनही माणसे आजाऱ्याला घेऊन येतात आणि आठवडेच्या आठवडे राहतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी ज्यांना आसरा मिळतो ते भाग्यवान. अनोळखी शहरात चांगले खाण्याची जागा शोधणे हा माझ्यासारख्याचा छंद असेल. त्यांचा तो दिवसातून दोनदा येणारा प्रसंग असतो.

एका दुपारी परळच्या एका चौकात एक शेतकरी जोडपे माझ्यापुढे उभे होते. बाईच्या हातात क्ष-किरणांच्या चित्रांची मोठी पिशवी होती. पुरुषाने एका वाटसरूला जेवणाची जागा विचारली. वाटसरूने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि फुकट अन्नवाटपाच्या रांगेकडे बोट केले. त्याचा हेतू चांगलाच होता, आणि त्या रांगेतून अन्न वाटणाऱ्यांचे काम तर वंदनीयच आहे. पण तो शेतकरी तसाच उभा राहिला. “पैसे हायेत जी आमच्याकडं,” तो म्हणाला. “बसून जेवायचं हाय.” मी काही बोलणार इतक्यात रुग्णालयातील एक आया तिथून चालली होती, ती थबकली. “आम्ही जेवतो तिकडं चला ना,” ती म्हणाली, आणि मागे न पाहता चालू लागली. ते दोघे तिच्यामागून गेले. आमंत्रण मला नव्हते, पण मीही गेलो.

ते एक पोळीभाजी केंद्र होते. दोन बाया पोळ्या लाटीत होत्या, तिसरी वाढीत होती. बाकावर परिचारिका, वॉर्डबॉय, आणि जिथे पूर्वी गिरण्या होत्या तिथल्या कचेऱ्यांतून आलेली, गळ्यात ओळखपत्रे अडकवलेली तरुण मुले दाटीवाटीने बसली होती. तिघांनी सरकून त्या जोडप्याला जागा दिली. मसुराची आमटी, मेथीची भाजी, पोळ्या. वाढणारीने त्या बाईकडे पाहिले आणि न विचारता तिच्या ताटात आणखी एक पोळी टाकली. विझलेल्या चुलींपैकी एखादी अशा रीतीने पुन्हा पेटलेली पाहून मला जे समाधान वाटले, त्यात जेवणाच्या चवीचा भाग थोडाच होता.

तेव्हापासून मला वाटू लागले आहे की, हा प्रश्न परक्याने विचारायचा आहे, तसा तो स्थानिकाने स्वतःलाही विचारायचा आहे. चष्मेवाल्याला गार हवेच्या दालनाकडे पाठवणारे बोट आणि धोतरवाल्याला फुकट रांगेकडे पाठवणारे बोट, दोन्ही कपडे पाहूनच वळलेली असतात. एकाने मान दिला, दुसऱ्याने दया केली. माणसाच्या भुकेकडे दोघांनीही पाहिले नाही. आपल्या गावीही रोज कोणीतरी उतरत असतो. परीक्षेला आलेला विद्यार्थी, कचेरीत खेटे घालणारा म्हातारा, आजाऱ्याचा भाऊ. त्याने जेवणाची जागा विचारली तर त्याच्या पोशाखाकडे पाहू नये. ज्या पंगतीला आपण स्वतः बसतो, त्याच पंगतीचा पत्ता त्याला सांगावा, आणि तो आला तर थोडे सरकून घ्यावे.