रिक्त समाधीला मानवंदना

वाचकहो, भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्याला एखादा शब्द कित्येक दिवस अडवून धरतो. लंडनच्या एका विजयसंचलनावरील लेखात आलेल्या 'सेनोटाफ' ह्या शब्दाने मला असेच अडविले. मूळ ग्रीक अर्थ 'रिकामे थडगे'. विजयाच्या उत्सवात थडग्याचे काय काम, आणि तेही रिकाम्या? ह्या प्रश्नाचा माग घेत मी १९१९ च्या जुलैपर्यंत जाऊन पोहोचलो.

पहिले महायुद्ध संपले होते. १४ जुलै रोजी पॅरिसच्या विजयकमानीखालून सैन्य निघाले, तेव्हा अग्रभागी सेनापती नव्हते. जॉफ्र व फॉश हे मार्शल घोड्यांवरून मागाहून आले. त्यांच्या पुढे होते सुमारे एक हजार जखमी सैनिक. कोणी कुबड्यांवर, कोणी दृष्टी गमावलेला, सोबत्याच्या आधाराने चालणारा. विजयाचे मोल आधी आणि वैभव नंतर, असा तो क्रम होता.

लंडनचे संचलन १९ जुलै रोजी झाले. सैनिकांनी जाता जाता मृतांना मानवंदना द्यावी, म्हणून एडविन लटयन्स ह्या वास्तुशिल्पज्ञाने लाकूड व प्लास्टर ह्यांचे एक तात्पुरते स्मारक उभारले. सोहळा आटोपताच ते हलवायचे होते. परंतु युद्धात पडलेल्यांचे देह मायदेशी आणण्यास ब्रिटिश सरकारची मनाई होती. ज्या मातांना मुलाचे थडगेच नव्हते, त्यांनी ह्या रिकाम्या थडग्यापाशी फुलांचे ढीग रचले. महिना संपण्यापूर्वीच ते दगडात कायम करण्याचे ठरले आणि ११ नोव्हेंबर १९२० रोजी त्याचे अनावरण झाले. दिल्लीचे इंडिया गेटही ह्याच लटयन्सची कृती. त्यावर १३,००० हून अधिक नावे कोरलेली आहेत.

भारतीय तुकडी लंडनला उशिरा पोहोचली. तिचे संचलन २ ऑगस्ट रोजी वेगळे झाले. सातारा-रत्नागिरीकडील कित्येक गावांत त्या युद्धाच्या दगडी पाट्या आजही आढळतात. गावातून किती पुरुष गेले व किती कामास आले, एवढेच त्यांवर असते. आकडे आहेत, नावे नाहीत. माझ्या आजोळच्या पाटीवर मृतांचा आकडा दोन आहे. त्यांतील एक आजीचा चुलता. त्याची समाधी कोठे आहे, हे घरात कोणालाच कधी कळले नाही. आजीने सांगितलेले त्याचे नाव मी घरच्या पोथीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

'स्मारकस्तंभ' हा प्रतिशब्द सोपा होता, पण त्यात ते रितेपण उतरत नव्हते. मी 'रिक्त समाधी' असे लिहिले.

वाचकहो, संचलनातील शिस्तबद्ध पावले पाहून ऊर भरून यावा, हे स्वाभाविकच आहे. मात्र त्या रांगांतून जे चालू शकले नाहीत, त्यांच्यापैकी कोणी आपल्या घरचा असेल, तर त्याचे नाव मुलांना सांगून ठेवा. दगडावर आकडा राहतो. नाव घरानेच जपावे लागते.