वांग्याची टोपी

आमच्या बडोद्याच्या घरात सगळ्या भाज्यांना नावे होती, आडनाव मात्र एकट्या वांग्याला होते. दुधी नुसता दुधी, गवार नुसती गवार. वांगे तेवढे ‘कृष्णाकाठचे’. पाहुण्याच्या ताटात भरले वांगे वाढताना आई हे आडनाव उच्चारल्यावाचून पळी हलवीत नसे. सुनेच्या माहेरचा एवढा एक मोठेपणा तिने मोकळ्या मनाने मान्य केला होता.

वहिनी १९५९ साली लग्न होऊन आमच्या दांडिया बाजारच्या वाड्यात आल्या. त्या अठरा वर्षांच्या, मी पाच वर्षांचा. त्यांच्या ट्रंकेत लुगड्याच्या घडीत एक पुरचुंडी होती. सांगलीच्या अलीकडे कृष्णेकाठी त्यांचे माहेर; वडिलांनी मळ्यातले वांग्याचे बी बांधून दिले होते. वाड्याच्या परसात विहिरीच्या बाजूस चार वाफे होते. त्यांतला एक त्यांनी मागून घेतला आणि पुढची पासष्ट वर्षे सोडला नाही.

आमचे कुलदैवत खंडोबा. त्यामुळे आषाढी एकादशीपासून वांगे बंद, ते थेट मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होईपर्यंत. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादकडच्या आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हा नेम अजून पाळला जात असेल. तो कोणी कशासाठी घालून दिला असेल ते असो, बी राखणाऱ्याला तो फार सोयीचा आहे. मृगात वाफ्यात बी टाकावे, महिन्या-सव्वा महिन्याने रोपे लावावीत, म्हणजे भाद्रपद-आश्विनात पहिली फळे धरतात. आणि नेमकी तेव्हा ती खावयास बंदी! वहिनी ती शेजारी वाटून टाकीत. उत्तम झाडांवरची चार-दोन फळे मात्र देठाला लाल दोरा बांधून तशीच ठेवीत. जांभळा रंग उतरून फळ पिवळे, मग तपकिरी पडले की आतले बी पक्व झाले असे समजावे. आपण बाजारातून आणतो त्या कोवळ्या वांग्यातले बी कितीही पेरले तरी उगवत नाही.

वहिनींची एक सवय लहानपणापासून पाहत आलो. खंडेराव मार्केटात असोत की परसात, वांगे हाती घेतले की त्या नखाने देठाची टोपी किंचित उचलून आत डोकावीत. भाजीवाल्या चिडत. त्या अळीचे भोक पाहतात, अशी माझी समजूत होती. पुष्कळ वर्षांनी कळले की त्या रंग पाहत. वांग्याच्या काही जातींत साल उन्हाने रंगते. टोपीखाली ऊन पोचत नाही, म्हणून तिथे पांढुरकी कड राहते. दुसऱ्या काही जातींना उन्हाची गरज नसते, त्यांचा जांभळा रंग टोपीखाली अंधारातही चढतो. ज्या जातीत कड असते तीत ती रुंद असली तर फळ अजून भराभर वाढते आहे, म्हणजे कोवळे आहे. कड बारीक होत नाहीशी झाली तर ते जून होऊ लागले. एका नखाने जात आणि वय दोन्ही कळतात. वांगे ओळखावयाचे म्हणजे आपण त्याचा रंग आणि आकार पाहतो; खरे तर टोपी, तिच्यावरचे काटे, फुले एकेकटी येतात की झुबक्याने, पानाच्या शिरेवर जांभळी झाक आहे की नाही, हेच पाहावयास हवे. रंगाने तर मीही फसलो आहे, आणि फसवलेही आहे. ते पुढे सांगतो.

वांग्याचा हा सारा विषय आमच्या घरात नव्याने निघाला तो पुतण्यामुळे. ऑक्टोबर २००९ मध्ये बीटी वांग्याला मान्यता समितीने संमती दिली आणि देशभर वाद पेटला. सात शहरांत जनसुनावण्या झाल्या, त्यांतली एक अहमदाबादेस. फेब्रुवारी २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्या वांग्याला स्थगिती दिली. या गदारोळात पुण्यास नोकरी करणाऱ्या आमच्या पुतण्याला गावठी वाणांचे वेड लागले. वेड कसले, व्यसनच. जिथे जाईल तिथून तो बी आणी. कागदी पाकिटात घालून त्यावर जात, गाव आणि कोणाकडून मिळाले ते लिही. २०२३ च्या पावसाळ्यात त्याने ही सगळी पाकिटे आमच्या परसात आणली. वाडा विकावयाचा ठरला होता. पुढल्या उन्हाळ्यात तो रिकामा करून द्यावयाचा होता. या मातीतले शेवटचे पीक सगळ्या जाती शेजारी शेजारी लावून पाहू, असे त्याचे म्हणणे. मातीत हात घालावयास अर्थातच मी होतो.

ते चार महिने मोठ्या आनंदाचे गेले. जळगावकडचे भरिताचे हिरवे वांगे चांगले दोन मुठींएवढे झाले. मांजरी गोटा गुलाबट जांभळा, अंगावर पांढऱ्या रेघा, आणि टोपीला असे काटे की तोडताना बोटात रुतावेत. उडुपीजवळच्या मट्टू गावचा गुळ्ळा हिरवा, वाटोळा. त्याचे बी सोळाव्या शतकात वादिराजस्वामींनी गावकऱ्यांना दिले अशी आख्यायिका आहे. नावाजलेल्या वांग्यामागे कोणाची तरी पुरचुंडी असतेच. पुतण्याच्या मित्राने पाठवलेले जपानी वांगे लांबट, काळेभोर; त्याची टोपीदेखील काळीजांभळी. आपल्याकडच्या हिरव्या टोप्या पाहावयाची सवय असलेल्या वहिनींना त्याची टोपी हाताने चाचपून काही कळेना आणि मी रंग सांगितल्यावर पटेना. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली होती. सगळी ओळख आता बोटांची.

याच ओळीत पुतण्याने सांगलीहून आणलेले कृष्णाकाठचे बी लावले होते, आणि त्याच्या शेजारी आमच्या डब्यातले. कार्तिकात दोन्हींना फळे होती. एके सकाळी तो दोन्हींची दोन-दोन फळे घेऊन ओट्यावर येऊन बसला. सांगलीच्या वांग्यावर पांढऱ्या रेघा होत्या, टोपीला काटे होते, फळे एकेकटी होती. आमचे गर्द जांभळे, बिनरेघांचे, काटे नावाला, आणि तीन-तीनच्या झुबक्यात.

“काका,” तो म्हणाला, “ही आपली नव्हेतच. ही तर इथली रवैया आहेत.”

गुजरातेत भरावयाच्या लहान वांग्यांना रवैया म्हणतात. आपल्या भरल्या वांग्यासारखीच ती चिरून त्यांत मसाला भरतात. त्यात कमीपणाचे काही नाही. पण ‘कृष्णाकाठचे’ हे आडनाव साठ वर्षे मिरवलेल्या घरात हे वाक्य ओट्यावर पडले तेव्हा वहिनी आतल्या खोलीत जागसूद होत्या. त्यांनी ऐकले असणार. मी काही बोललो नाही, कारण खरे उत्तर फक्त मला ठाऊक होते. निदान माझी तशी समजूत होती.

१९७६ च्या मार्गशीर्षात वहिनींच्या आईचे दुखणे वाढले आणि त्या चार महिन्यांसाठी माहेरी गेल्या. जाताना पिकलेली तीन फळे मला दाखवून म्हणाल्या होत्या, “भावजी, ही कापून बी धुऊन घ्या, सावलीत आठवडाभर वाळवा, मग राख लावून डब्यात.” आठवडाभर हा शब्द मी ऐकलाच नाही. एम.कॉम.ची परीक्षा डोक्यावर होती. दोन दिवसांनी बी वरवर कोरडे दिसले. राख न लावताच मी ते बोर्नव्हिटाच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावले आणि डबा माळ्यावर ठेवला. वैशाखात सहज उघडला तो आत काळपट बुरशीचा गोळा. आदल्या वर्षीचे उरलेले बी वहिनींनी शेजारच्या गुजराती काकींना देऊन टाकले होते. काकींच्या परसात त्यांची चांगली झाडे उभी होती; मागितले असते तर ओंजळभर बी मिळाले असते. पण काकींना सांगितले की ते संध्याकाळपर्यंत वहिनींच्या कानी जाणार, हे निश्चित. ज्या बाईने मला पाटी-पेन्सिल धरावयास शिकवले, तिने सोपवलेले एक काम मला जमले नाही, हे कबूल करावयाचे धैर्य बाविसाव्या वर्षी झाले नाही. मी खंडेराव मार्केटात जाऊन एका भाजीवालीच्या टोपलीखालून टाकून दिलेली दोन पिवळी, पिकलेली वांगी आणली. त्यांचे बी या खेपेस बरोबर वाळवले. राखही लावली.

त्या साली चंपाषष्ठीला भरीत झाले. आईने पाहुण्यांना ते कृष्णाकाठचे म्हणून वाढले. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यानंतरच्या प्रत्येक चंपाषष्ठीला, ते आडनाव ऐकले की माझा घास घशात अडे. ही अतिशयोक्ती वाटेल. पण सत्तेचाळीस वर्षे एखादी लहानशी लबाडी सांभाळून पाहा.

पुतण्याच्या त्या वाक्यानंतर आठ दिवसांनी, घरात दुसरे कोणी नसताना, मी वहिनींसमोर बसून हे सगळे सांगितले. त्या शेंगा सोलीत होत्या. हात थांबले नाहीत.

“ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “त्या वर्षी पहिलं फळ धरलं तेव्हाच टोपी उचलून पाहिली होती मी. आत जांभळं होतं. आमच्याकडच्याला पांढरं असतं.”

“मग काकींकडून बी का नाही मागून घेतलंत?”

“घेतलं असतं तर मला कळलंय हे तुम्हाला कळलं असतं ना.”

दोघांनीही एकाच कारणासाठी शेजारचे दार वाजवले नव्हते.

पण वहिनींनी हातही टेकले नाहीत. पुढल्या वर्षापासून झाडाला फळे आली की त्या प्रत्येकाची टोपी उचलून पाहत आणि ज्याच्याखाली जराशी पांढरी कड दिसेल त्यालाच लाल दोरा बांधीत. पहिली तीन-चार वर्षे असे फळ क्वचित मिळे. मग वाढत गेले. हे कसे झाले ते त्यांना ठाऊक नव्हते. पुतण्याने त्याचा उलगडा केला. वांग्याच्या फुलातले परागकोश मिटलेल्या नळीसारखे असतात, टोकाशी फक्त बारीक छिद्रे. मधमाशीला त्यांतून पराग नीट काढता येत नाहीत. मोठा काळा भुंगा फुलाला बिलगतो आणि अंग थरथरवतो, तेव्हा मिठासारखे पराग झडतात. वांगे बहुतेक आपल्याच परागावर फळते. पण भुंगा या परसातून त्या परसात हिंडला तर कुळे मिसळतात. आणि आमच्या वाड्याच्या सागवानी तुळयांना या भुंग्यांनी बोटभर रुंदीची भोके पाडून ठेवली होती! दादांनी आयुष्यभर त्यांत रॉकेलचे बोळे कोंबले. ते भुंगे तुळईतून निघून काकींच्या वांग्यावर बसत आणि तिथून वहिनींच्या वाफ्यात येत. काकींच्या झाडांना जो गुण होता तो असा भिंतीवरून परत आला, आणि वहिनींच्या नखाने तो वर्षानुवर्षे निवडून घेतला. काकींचे परस १९८४ साली फरसबंद झाले. तोवर काम झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी पुतण्याला घेऊन बसलो आणि आमच्या वांग्याची टोपी उचलली. खाली गव्हाच्या दाण्याएवढ्या रुंदीची पांढरी कड होती. मग सांगलीच्या वांग्याची उचलली. तिथेही तशीच. बाकी रंग, झुबका, बिनकाट्याची टोपी हे सगळे खंडेराव मार्केटचे. तो बराच वेळ दोन्ही फळे उलटसुलट करीत राहिला. मग म्हणाला, “चव?”

चंपाषष्ठी त्या साली १८ डिसेंबरला आली. नैवेद्याचे भरीत आम्ही दोन वाट्यांत केले, एकात सांगलीचे, एकात आमचे, आणि वहिनींना न सांगता पुढे ठेवले. त्यांनी दोन्ही चाखून आमची वाटी जवळ ओढली. दुसरे कडसर आहे म्हणाल्या. सांगलीच्या वांग्यावर अन्याय होऊ नये म्हणून नमूद करतो की मला ते कडसर लागले नाही. पण मी काही पासष्ट वर्षे एकाच वाफ्यातले खाऊन जीभ तयार केलेली नाही.

बी त्या वर्षी आम्ही मिळून काढले. वहिनी फळे चाचपून सांगत, मी टोपीखाली पाहून रंग सांगे. बरोबर आठ दिवस वाळवले. पाकिटावर काय लिहावे असे पुतण्याने विचारले तेव्हा वहिनी म्हणाल्या, “आधी राख लावली का ते बघ.” त्याने ‘गाव’ या शब्दापुढे बडोदे लिहिले, ‘कोणाकडून’ याच्यापुढे आईचे नाव घालून तो माझ्याकडे पाहून हसला आणि स्वल्पविराम देऊन माझेही घातले. जातीची जागा कोरी राहिली.

२०२४ च्या ज्येष्ठात वाडा रिकामा झाला. वहिनी पुण्यास गेल्या, मी इथेच एका सदनिकेत आहे. आश्विनात एका संध्याकाळी पुतण्याचा फोन आला. गच्चीतल्या कुंडीत पहिले फळ धरले होते.

“काका, टोपी उचलून पाहिली. एका बाजूला पांढरं आहे, दुसऱ्या बाजूला जरा जांभळट उतरलंय. हे ठेवू की खुडू?”

मागून वहिनींचा आवाज आला, “मला काय विचारतोस, भावजींना विचार.”

मी त्याला लाल दोरा बांधावयास सांगितले.