चुकीच्या नावापेक्षा कोरा पत्ता बरा

लिनक्सवर वाइनखाली चालणारे विंडोजचे प्रोग्राम कोसळले की त्यांची कारणं शोधणं हे माझं काम. त्यात माझं एक मत बरीच वर्षं पक्कं होतं: बॅकट्रेसमध्ये, म्हणजे कोसळताना चालू असलेल्या फंक्शनांच्या यादीत, नुसता पत्ता दिसण्यापेक्षा कुठलंही नाव दिसलेलं बरं. ही नावं पुरवणारी पीडीबी फाइल मागच्या बिल्डची असली म्हणून काय झालं, सगळा कोड थोडाच बदलतो! डीबगर ती नाकारायचा, तेव्हा तो मला नियमावर बोट ठेवणाऱ्या कारकुनासारखा वाटायचा.

लिंकर एक्सईमध्ये 128 बिटांचा जीयूआयडी आणि ‘एज’ नावाचा एक आकडा लिहून ठेवतो. पीडीबीतही तेच असतात आणि डीबगर ते जुळवून पाहतो. ही तपासणी टाळून सक्तीने फाइल लोड करायची सोय आहे. मी ती सर्रास वापरायचो.

आता वापरत नाही. सिंबल म्हणजे शेवटी ऑफसेट आणि नाव यांची जोडी. एका फंक्शनमध्ये दोन ओळी वाढल्या, तरी पुढची फंक्शनं सरकतात. जुनी पीडीबी मात्र बिनदिक्कत नावं देत राहते, बहुधा शेजारच्या फंक्शनची. 64 बिटांच्या प्रोग्राममध्ये स्टॅक उलगडायची माहिती एक्सईतच असल्याने फ्रेम बरोबर लागतात, आणि त्यामुळे खोटी नावंही पटतात.

वाइनमध्ये हे जास्त महागात पडतं. पहिला प्रश्नच असतो की दोष वाइनचा की प्रोग्रामचा. प्रोग्रामची सिंबलं पीडीबीत, वाइनची स्वतःची बहुतेक ड्वार्फ या दुसऱ्या स्वरूपात. वाइनचा स्वतःचा डीबगर वाइनडीबीजी दोन्ही वाचतो. लिनक्सवरच्या जीडीबी या डीबगरला पीडीबी कळत नाही. शिवाय 2020 च्या वाइन 5.0 पासून वाइनचे बरेच मॉड्यूल विंडोजच्या पीई स्वरूपात बांधले जातात. त्यांची सिंबलं जीडीबीत अनेकदा हाताने पत्ता देऊन चढवावी लागतात. तो पत्ता चुकला तरी जीडीबी मुकाट नावं छापतो, आणि प्रोग्रामचा दोष वाइनच्या माथी बसतो.

पीडीबी मुळीच नसेल, तर डीबगर जवळच्या एक्स्पोर्टचं नाव लावतो. नावापुढचा ऑफसेट अवाढव्य दिसला, तर मी ते नाव सोडून देतो.

घाईत मोह अजूनही होतो. तरी मॉड्यूल, त्याचा जीयूआयडी आणि ऑफसेट एवढंच नोंदवतो. योग्य पीडीबी हाती आली की त्यावरून खरं नाव केव्हाही निघतं. अहवालात नुसतं चुकीचं नाव उतरलं, तर मागे जायला वाटच उरत नाही.