थोमाची तयारी

बिशप सुवार्ता सांगायला तयार आहेत का, असा विषय निघाला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं मी म्हणालो आणि विषय तिथंच मिटला. सगळ्यांनी माना डोलावल्या. बिशपांची सुवार्ता सांगायची तयारी नाही, कारण मुळात आपलीच नाही. आपल्यातूनच तर ते वर जातात. म्हणीचा हा मोठा फायदा, पुढचं कुणी विचारत नाही. मला मात्र ती तेव्हापासून छळते आहे. आड कोण आणि पोहरा कोण? भाविकांना आड म्हणावं, तर बिशपांनी जेवढं हाती लागेल तेवढंच वर आणायचं. उलट धरलं, म्हणजे प्रेषितांपासून चालत आलेला साठा बिशपांकडे आणि पोहरे आपण, तर रिकामं वर आल्यावर कुणाला बोल लावायचा? शिवाय पोहरा भरला नाही म्हणजे आड आटलाच असं थोडंच आहे! दोर तोकडा पडला असेल. बुडाला भोक असेल. वसईला आमच्या घरी पोहरा सुटून विहिरीत पडायचा, मग लोखंडी गळ टाकून तो काढायचा, आणि गळ दर वेळी शेजाऱ्यांकडेच असायचा. म्हणीत गळाला जागाच नाही.

पुढे त्या विहिरींचीच पंचाईत झाली. जमिनी बिल्डरांच्या घशात आणि पाणी टँकरमध्ये जायला लागलं तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या लढ्यात उतरले. ते 'सुवार्ता' मासिकाचे तेव्हाचे संपादक, बायबलचं मराठी करणारे. विहिरींसाठी मोर्चात चालणारा धर्मगुरू सुवार्ता सांगतोय की ती बाजूला ठेवून आलाय, यावर आमच्या ओट्यावर दोन तट होते. माझं मत ओट्यावर कोण बसलंय त्याप्रमाणे बदलायचं.

पुढे मी चेन्नईत राहायला आलो, तिथं 2019 साली पाण्याची खरी ओळख झाली. शहराला पाणी देणारे चारही मोठे जलाशय जवळजवळ कोरडे पडले होते. पुढे जोलारपेट्टैहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आमच्या चर्चच्या फाटकाबाहेर पहाटेपासून प्लास्टिकचे कुडम, म्हणजे घागरी, रांगेत. हिरवे, गुलाबी, निळे. कुणी कानाला चिंधी बांधलेली, कुणी ऑइलपेंटनं नाव टाकलेलं. बाया कुडम लावून आत मिस्सेला बसायच्या. 3 जुलै, संत थोमाचा सण. आपण प्रत्येकानं थोमा व्हायला हवं, असं फादर रंगात येऊन सांगत होते आणि तेवढ्यात लॉरीचा हॉर्न वाजला. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. उठायला कुणी धजेना. फादरनी माईकवर हात ठेवला आणि म्हणाले, "पोंग, पोंग." जा, जा. अर्धं चर्च रिकामं झालं. उरलेल्यांत बहुतेक आम्ही होतो, ज्यांच्या सोसायटीत टँकर थेट आत येतो. फादरनी प्रवचन पुढे नेलं नाही, ते गप्प बसून राहिले. आम्हीही बसून राहिलो. त्या दिवसाचा हिशेब तयारीच्या खात्यात जमेला मांडायचा की खर्चाला, मला अजून कळलेलं नाही.

पण थोमा व्हायचं म्हणजे कसं? शंकेखोर म्हणून तो सगळ्यांना ठाऊक आहे. 'थोमाची कृत्ये' हे बायबलबाहेरचं जुनं सिरियाक आख्यान मला जास्त गमतीचं वाटतं. शिष्य चिठ्ठ्या टाकून देश वाटून घेतात, भारत थोमाच्या वाट्याला येतो आणि तो सरळ नाही म्हणतो. प्रकृती बरी नाही, आणि इब्री माणूस त्या लोकांत जाऊन काय करणार? रात्री येशू समजूत घालतो, तरी हा हलत नाही. शेवटी येशू हब्बान नावाच्या व्यापाऱ्याला गाठून त्याला गुलाम म्हणून विकून टाकतो, रीतसर कागद करून. सुतार आहे, कामाचा आहे. हब्बान त्याला गोंडोफारिस राजाकडे आणतो. राजा महालासाठी पैसे देतो, थोमा ते गरिबांत वाटतो. महाल कुठाय, असं राजा विचारतो तेव्हा दाखवायला एक वीट नाही. महाल स्वर्गात आहे म्हणे! या राजाची नाणी सापडली आहेत, पण वायव्येकडे, चेन्नईतल्या परंगीमलैच्या टेकडीपासून कितीतरी दूर. इसवी सन 72 मध्ये थोमा या टेकडीवरच मारला गेला ही परंपरा. इतिहासकार तिच्यावर भांडत राहतात. मला त्याचा नकार पुरतो. बारांमधला सगळ्यांत नाखूश माणूस, आणि मैलापुरातली सँथोमची बॅसिलिका त्याच्या मानलेल्या कबरीवर.

याच मैलापुरात 1656 साली जेझुइट मिशनरी रॉबर्ट दि नोबिली वारले. तयारी बघायची तर त्यांची. तमिळ, संस्कृत, तेलुगू. मदुरैत भगवी वस्त्रं, शाकाहार, संन्याशाचं जिणं. आणि या तयारीतच हेही आलं की खालच्या मानलेल्या जातींपासून अंतर ठेवायचं. त्यांच्यासाठी पुढे पंडारस्वामी म्हणून वेगळे धर्मगुरू आले. आज तमिळनाडूच्या कॅथलिकांत दलित बहुसंख्य आहेत आणि काही गावांत कबरस्तानं अजून वेगळी आहेत.

इथं माझी म्हण पार घसरते. ज्या गावात ती घडली तिथल्या आडात पोहरा सोडायची मुभा कितीजणांना होती? जोतीराव फुल्यांना 1868 साली स्वतःच्या घरचा हौद खुला करावा लागला, आंबेडकरांना 1927 साली महाडला चवदार तळ्यावर जावं लागलं. आडात पाणी काठोकाठ असूनही पोहरा कोरडा राहण्याचं हे कारण म्हणीला सुचलंच नाही. अँथनी पूला 2022 साली पहिले दलित कार्डिनल झाले, तेव्हा मला वाटलं आता दोर तरी पोचला. एका माणसाच्या हाती तो आला म्हणून बाकीच्यांना काठावर येऊ देतील, असं छातीठोकपणे मात्र म्हणवत नाही.

आणि महाल? तो दाखवायची वेळ आली तर आमचं अडणार नाही. चेन्नईत चर्चचं लोयोला कॉलेज 1925 चं, स्टेला मारिस 1947 चं. शेजारच्या अय्यरांच्या दोन्ही मुली स्टेला मारिसला शिकल्या. तिथं काय मिळालं, असं त्यांना विचारावंसं वाटतं. पण 2002 मध्ये इथं धर्मांतरविरोधी वटहुकूम आला होता. त्यातून झालेला कायदा 2004 मध्ये मागेही घेतला गेला, तरी असला प्रश्न जिभेवर आला की मी आजही तो गिळतो आणि पोरींच्या नोकरीबद्दल विचारतो. ही भीती की शेजारधर्म, की ज्याला आपण तयारी नाही म्हणतो ती हीच? बिशपांनाही बहुधा असेच शेजारी असतील.