आमच्या घरचा जुना टॅब



नव्या वस्तूवर सगळेच लिहितात. मी जुन्या वस्तूवर लिहिणार आहे. आमच्या घरी एक टॅब आहे. त्याला आता पाच वर्षे झाली.

तो घ्यायची वेळ कशी आली ते आधी सांगतो. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. मी पहिलीत होतो, तो घरी बसूनच दुसरीत गेलो. ताई आठवीत गेली. गुरुजी फोनवर धडे पाठवायचे. पण घरात फोन एकच, आणि बाबा टेम्पोवर असल्यामुळे तो दिवसभर त्यांच्या खिशात. ताई रात्री नऊनंतर अभ्यास करायची आणि दिव्याखाली झोपून जायची.

शेवटी दिवाळीच्या सुमारास, नोव्हेंबर २०२० मध्ये, बाबा आणि ताई नाशिकला गेले. त्र्यंबकेश्वरपासून नाशिक सुमारे तीस किलोमीटर. दुकानात पाच हजारांचा टॅब होता आणि चाळीस हजारांचाही होता. बाबांनी मधला घेतला. किंमत १३,५०० रुपये. त्यातले ५,५०० बोकड विकून आले आणि ८,००० आईने बचत गटातून उचलले. आजी म्हणाली, "एका काचेच्या पाटीपायी माझा बोकड गेला!"

आमच्या वाडीत रेंज नाही. टेकाडावर जांभळीचे झाड आहे, तिथे येते. ताई तिथे जाऊन बसायची आणि तिच्याभोवती वाडीतली आम्ही सहा-सात पोरे. २०२१ चा पावसाळाही तसाच गेला. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, ब्रह्मगिरी आठ-आठ दिवस ढगातून बाहेर येत नाही. ताई टॅब पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालायची, वर छत्री धरायची आणि पिशवीवरूनच बोट फिरवायची. मी बेरीज-वजाबाकी त्या जांभळीखाली शिकलो.

१ डिसेंबर २०२१ पासून पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरू लागले. आम्ही आनंदाने शाळेत आलो. पण गटाचे हप्ते काही संपले नव्हते. महिन्याला पाचशे आणि वर व्याज, असे सोळा हप्ते आईने मार्च २०२२ पर्यंत फेडले. शाळा सुरू झाली म्हणून कर्ज थांबत नाही, हे मला तेव्हा समजले.

आता माझी चूक सांगतो. मी चौथीत होतो. टॅब ओट्यावर चार्जिंगला लावला होता. चार्जिंगला असताना हात लावायचा नाही, असा घरात नियम होता. मी गुपचूप खेळ खेळत बसलो. आईची चाहूल लागली तसा पळालो, पायात वायर अडकली आणि टॅब खाली फरशीवर. कोपऱ्याला तडा गेला. आई म्हणाली, "कोणी पाडला रे?" पडवीत आमची चांदी शेळी बांधलेली होती. मी म्हणालो, "चांदीनं वायर ओढली." आजीने चांदीला दोन छड्या मारल्या. चांदी ओरडली. मी काहीच बोललो नाही.

तडा गेला तरी टॅब चालत राहिला. पुढे मात्र तो हळूहळू म्हातारा होऊ लागला. त्यात ३२ जीबी जागा, पण त्यातला मोठा हिस्सा यंत्राच्या स्वतःच्याच कामाला जातो. उरलेली जागा भरली. ताईने मेमरी कार्ड आणून बालभारतीची पुस्तके त्यात उतरवून ठेवली. ती पुस्तके फुकट मिळतात आणि एकदा उतरवली की रेंज लागत नाही. पुढे कंपनीकडून सुधारणा येणे बंद झाले. काही ॲप म्हणू लागले, "हे तुमच्या टॅबवर चालणार नाही." आधी दिवसभर टिकणारी बॅटरी दीड तासात मान टाकू लागली.

असे का होते, ते मी गुरुजींना विचारले. गुरुजींनी सांगितले की यात लिथियम-आयन बॅटरी असते. ती १९९१ साली प्रथम बाजारात आली. ती बनवण्याच्या शोधासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे नोबेल मिळाले. त्या वेळी गुडइनफ ९७ वर्षांचे होते. एवढ्या वयात नोबेल मिळालेले ते पहिलेच. साधारण पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी केली की अशा बॅटरीची ताकद बरीच उतरते. उन्हात तापवली, किंवा सारखी शंभर टक्क्यांवर ठेवली, तर लवकर उतरते. आम्ही तर रोज रात्रभर चार्जिंगला लावून झोपत होतो!

गेल्या मे महिन्यात, म्हणजे २०२५ मध्ये, टॅबची पाठ वर उचललेली दिसली. बाबा आणि मी तो घेऊन नाशिकला दुरुस्तीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "भाऊ, बॅटरी फुगलीय. आत गॅस झालाय. आता अजिबात चार्जिंगला लावू नका, पेट घेईल. नवी टाकायला १,८०० लागतील." मग त्याने विचारले, "कधी आपटला होता का?"

बाबा म्हणाले, "शेळीनं पाडला होता मागं."

माझे कान तापले. शेजारच्या दुकानात विचारले तर जुन्या टॅबचे हजार रुपये देतो म्हणाले. हजाराच्या वस्तूवर अठराशे कशाला घालायचे, असे बाबांना वाटू लागले. आम्ही तसेच परत आलो. एस.टी.त मी तिकिटाच्या मागे गणित केले. १३,५०० रुपये आणि ५४ महिने, म्हणजे महिन्याला २५० रुपये पडले. आता १,८०० घालून तो अजून दोन वर्षे चालला, तर महिन्याला ७५ रुपयेच. नवा घ्यायचा तर पुन्हा गट आणि पुन्हा बोकड. बाबांनी तिकीट दोनदा वाचले आणि खिशात ठेवले.

रात्री जेवताना मी सगळ्यांसमोर सांगून टाकले, "टॅब चांदीनं नाही, मी पाडला होता." बाबांचा घास हातातच राहिला. आजी मात्र शांतपणे म्हणाली, "मला तवाच ठावं होतं. चांदीचं दावं वट्यापत्तोर पोचतच नाही."

मी म्हणालो, "मग तिला मारलं कशाला?"

आजी म्हणाली, "तू बोलशील म्हणून."

मला रडू आले. ते तिला पडलेल्या छड्यांसाठी होते की माझ्यासाठी, ते सांगता येत नाही.

त्या सुट्टीत मी आईबरोबर डोंगरात जाऊन करवंदे तोडली आणि त्र्यंबकच्या स्टँडवर विकली. त्यात ६४० रुपये जमले. बाकीचे बाबांनी घातले. जुनी बॅटरी दुरुस्तीवाल्यानेच ठेवून घेतली. अशी बॅटरी उकिरड्यावर टाकायची नसते, जाळायची तर मुळीच नसते. जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्यासाठी सरकारने २०२२ साली नियमही केले आहेत.

आता ताई नाशिकला कॉलेजात आहे. टॅब माझ्याकडे आहे. वीस टक्क्यांवर आला की लावतो, ऐंशीवर काढतो. संध्याकाळी वाडीतली चार मुले माझ्याबरोबर त्यावर वाचतात. नंतर आजी त्यावर कीर्तन ऐकते आणि "काचेची पाटी बरी हाय" असे म्हणते. कोपऱ्यातला तडा तसाच आहे. तो बदलायला पैसे नाहीत, आणि खरे सांगायचे तर मला तो बदलायचाही नाही.

तुमच्या घरी कोणाची बॅटरी फुगली असेल तर ती आजच चार्जिंगवरून काढा. चांदीला मी रोज भाकरीचा तुकडा देतो. ती खाते.

— इयत्ता सातवी