आमच्या ओसरीवरचा चहा

पुणेकराला चहाच्या दुकानाचे आमंत्रण लागत नाही. पण मला ते आले, आणि आले तेही एका जुन्या विद्यार्थ्याकडून. "सर, सदाशिव पेठेत चहाच्या दुकानाची सजावट करतोय. अगदी वाड्यासारखी. उघडण्याआधी एकदा नजर टाका ना." मराठीच्या प्राध्यापकाला लाकूडकामातले काय कळणार? तरी गेलो. मास्तरांना सल्ला विचारणारे विद्यार्थी आता राहिलेत किती!

दुकान झकपक होते. दिव्यांवर पुणेरी पगड्यांच्या टोप्या, भिंतीवर परातीएवढी नथ, कोनाड्यांत समया. हे सगळे मी सोसले. मग मधल्या चार सागवानी खांबांकडे पाहिले आणि जागच्या जागी थांबलो. सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत गेलेले ते खांब, आणि त्यांतल्या एकाला कमरेएवढ्या उंचीवर एक वाटोळा खड्डा. शाळेत असताना मी रोज सायकल त्याला टेकवीत असे. तिच्या हँडलने पडलेला तो खड्डा. त्यापायी आजोबांच्या किती शिव्या खाल्ल्या होत्या!

आमचा वाडा सात वर्षांपूर्वी पाडला. कागदांवर सह्या माझ्याच. त्या बदल्यात तिसऱ्या मजल्यावरचे तीन खोल्यांचे घर मिळाले, आणि पाडणाऱ्याने लाकडाचे विचारले तेव्हा "न्या" हा शब्दही माझ्याच तोंडचा. तेथून ते जुन्या लाकडाच्या वखारीत गेले, आणि वखारीतून येथे.

विद्यार्थ्याला यातले काही बोललो नाही. मास्तरकीच्या आड लपणे सोपे असते. त्याला सांगितले, की बाबा रे, पेशवाई १८१८ साली बुडाली, आणि आसामचा चहा लंडनला पहिल्याप्रथम लिलावात निघाला तो १८३९ साली. तेव्हा पगडी घालून कोणी पेशवा चहा पीत बसला नव्हता. चहाचा खरा पुणेरी वारसा पाहायचा तर अमृततुल्यात जा. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी ती दुकाने थाटली आणि नाव दिले शुद्ध संस्कृतातले. तेथे चहा करणारा दर्शनी बाजूलाच बसतो. पितळी पातेले, कापडाचे गाळणे, खलबत्त्यात वेलदोडा कुटल्याचा आवाज. चहा आधी कानाला लागतो, मग नाकाला आणि शेवटी जिभेला. तू तर शेगडी मागे काचेआड कोंडली आहेस!

आणि वाडाच हवा असेल तर तो खणांनी मोजतात. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. घर केवढे, तर इतक्या खणांचे. तुझे खांब टेबलांच्या सोयीने कुठेही उभे आहेत. विश्रामबागवाड्याचा सज्जा एकदा रस्त्यावरून मान वर करून पाहा. १८०७ च्या सुमाराचे काम, पण खांबांची ओळ कशी मोजूनमापून चालते!

तो मुकाट्याने लिहून घेत होता. मला बरे वाटायला हवे होते, वाटले नाही.

पुढच्या रविवारी आत्याला घेऊन गेलो. ती चौऱ्याऐंशीची. खांब तिने लगेच ओळखले. पण डोळ्याला पदर वगैरे काही लावला नाही. वाकून बुंध्याशी पाहिले आणि विद्यार्थ्याला म्हणाली, "अरे, यांना पाण्यात का उभं केलंयस?"

"आजी, पाणी कुठंय?"

"ही फरशी दिवसातून चारदा ओल्या फडक्यानं पुसणार ना? मग! यांच्या खाली तळखडे होते. दगडाचे. पानशेतच्या पुरात मातीच्या भिंती विरघळल्या, पण हे हलले नाहीत. ओल चढली तर चार वर्षांत खालून कुजतील."

१२ जुलै १९६१ चा तो पूर तिने पाहिलेला. विद्यार्थी गोरामोरा झाला. "आता असे दगड कुठे मिळणार?"

आत्याने माझ्याकडे पाहिले. मी दारातल्या चपलांकडे. कारण ते चारही तळखडे माझ्या गॅलरीत होते. तुळस, मोगरा आणि कोरफडीच्या दोन कुंड्या त्यांच्यावर ऐटीत बसल्या होत्या. लाकूड देऊन टाकले, आणि दगड तेवढे ठेवले, 'आठवण' म्हणून!

अखेर सगळे सांगावे लागले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, तळखडे घालायचे तर खांब वीतभर कापावे लागतील."

मला ते ऐकवेना. आत्या म्हणाली, "काप की. खालून काप, वरची नक्षी राहू दे."

दगड रिक्षातून मीच नेले. घरी कुंड्या जमिनीवर आल्या. पत्नीने त्याबद्दल दोन दिवस अबोला धरला. दुकान दसऱ्याला उघडले. शेगडी आता पुढे आहे. नथ मात्र मालकाने काढू दिली नाही. खांब दगडांवर आणि एका ओळीत आहेत. पॉलिशवाला तो सायकलचा खड्डा लांबीने भरायला निघाला होता. तेवढा राहू दे, म्हणालो.